भट्टीचा चावा

४ फेब्रुवारी

आत्या,

तुला साष्टांग नमस्कार घालायचा, तर सध्या सहाच अंगं हजर आहेत. उजवा हात आणि डावी मांडी बँडेजमध्ये आहेत, त्यांची रजा समज. आणि अक्षराला हसू नकोस, हे डाव्या हाताने लिहिलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की घरातले सगळे कान टवकारतात. म्हणून पत्र.

अण्णांनी तुला अर्धंच सांगितलं असणार. झालं असं, की मी भट्टीतून पावाचे ट्रे ओढत होते आणि वरचं लोखंडी दार सुटून माझ्या हातावर बसलं. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत. हात ओढून काढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून हातावर लावली. ती चांगली धरली आहे म्हणतात.

तू जनावरांची डॉक्टर आहेस, पण कातडी ती कातडीच ना? मग मला सांग, भाजला हात आणि रात्रंदिवस बोंब मारते ती मांडी, हा कुठला न्याय? इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "होतं असं." एवढं तर मलाही माहीत होतं.

आई येता-जाता डोळे पुसते आणि पूर्ण बाह्यांचे कपडे शिवायला टाकते. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "चेहरा वाचला बाई, नशीब!" मी म्हटलं, "काकू, मी चेहऱ्याने पाव भाजत नाही." त्या चहा न घेता गेल्या आणि आईने मला दिवसभर ऐकवलं.

उन्हाळ्याच्या आत मला भट्टीसमोर उभं राहायचंय. अण्णांनंतर भट्टी माझी, हे ठरलेलं आहे. एका दाराने ते बदलणार नाही.

तुझी
भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरे,

डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे. तोच चालू ठेव.

आधी तुझ्या मांडीची तक्रार. डॉक्टरांनी तिथली कातडी वरवर, अगदी पातळ सोलून घेतली. त्यामुळे खालच्या नसांची टोकं उघडी पडली आणि ती आरडाओरडा करताहेत. हाताला भाजलं ते इतकं खोल, की तिथे ओरडायला कुणी शिल्लकच राहिलं नाही. म्हणजे जिथे जास्त दुखतंय तिथे कमी बिघडलंय. मांडीत केसांची मुळं शाबूत आहेत. एकेका मुळापासून नवी कातडी वर येते आणि आजूबाजूला पसरत शेजारच्या तुकड्याला जाऊन मिळते. थोड्या दिवसांत मांडी झाकली जाईल. हाताची मुळंच जळून गेली. तिथे कातडीला फक्त कडेकडेने आत सरकावं लागलं असतं आणि एवढं मैदान तिला झेपलं नसतं. म्हणून उसनी आणून लावली.

आता महत्त्वाचं. कुत्र्याच्या मानेची कातडी चिमटीत धर, मूठभर हातात येते. ती सैल असते, म्हणून त्याची जखम चारी बाजूंनी आत ओढली जाते आणि बटव्याची नाडी ओढावी तशी मिटते. घोड्याच्या पायाला ही सोय नाही. तिथे कातडी ताणलेली, म्हणून जखम मिटता मिटत नाही आणि मधलं लाल मांस मात्र वाढत सुटतं. ते मी कापून काढते. त्या मांसात नसाच नसतात, म्हणून घोडा शांत उभा राहतो, मालक घेरी येऊन पडतो.

तुझ्या हातातही हे ओढणारं काम चालू आहे आणि कितीतरी महिने चालेल. जखम झाली की शरीराला एकच घाई असते, बंद करा. तुला तो हात पुढे वापरायचाय की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तुझं भाजणं कोपराच्या खळगीवरून गेलंय. तिथली कातडी आकसली की हात वाकलेला तो वाकलेलाच राहील. म्हणून व्रण दाबून ठेवायला हॉस्पिटल जी घट्ट बाही देतं, ती दिवसरात्र घालायची. दुखलं तरी रोज हात सरळ ताणायचा, आणि रडू आलं तर रडत ताणायचा. इथे तुझा आडमुठेपणा कामी येईल, तो काकूंवर वाया घालवू नकोस.

आणि माणसांच्या डॉक्टरांचं ऐक. मी आपली शेपटीवाल्यांची.

आत्या


११ एप्रिल

आत्या,

मांडी भरली. तू म्हणालीस तशीच, आधी ठिपके ठिपके आणि मग सगळी गुलाबी.

हात ठणठणीत आहे. खाज इतकी सुटते की भिंतीला घासावासा वाटतो, आणि रंग जांभळट झालाय, पण ते सोड. घट्ट बाही घालते. महिना झाला, मी बेकरीत जायला लागले. कणीक मळते, गोळे करते, ट्रे छातीशी धरून नेते. आईने शिवलेल्या बाह्या मी कात्रीने कापून टाकल्या. गिऱ्हाईकं बघतात, बघू देत. एका बाईने विचारलं, "अगंबाई, हे काय झालं?" मी म्हटलं, "पाव झाला. किती देऊ?"

पण अण्णा मला भट्टीपाशी फिरकू देत नाहीत. "गल्ल्यावर बस" म्हणतात. गल्ल्यावर बसायला मी काय शोभेची बाहुली आहे? काल भांडण झालं, तेव्हा त्यांनी खरं काय ते काढलं. ते भट्टी पाडणार आहेत! कारखान्याचा पाव आणून विकायचा आणि भट्टीच्या जागी कपाटं लावायची. गवंड्याशी बोलणंही झालंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता मला दाखवून द्यायलाच हवं. तुला आपल्या घरची रीत माहीतच आहे: उजवी बाही वर करायची, हात कोपरापर्यंत भट्टीत घालायचा आणि भट्टी चावली की बाहेर काढायचा. चावली म्हणजे तापली. आजोबांनी असंच जोखलं, अण्णा असंच जोखतात आणि मलाही तेच शिकवलं. मी एकदा थर्मामीटर आणला होता, तर अण्णा म्हणाले, "कुणाला ताप आलाय?" आणि तो मिठाच्या बरणीमागे ठेवून दिला. तर आता मी त्यांच्याच रीतीने त्यांच्या नाकावर टिच्चून भट्टी लावणार आहे. कधी ते सांगत नाही.

भिंगरी


२२ एप्रिल

भिंगरे,

माझे पेशंट बोलत नाहीत. बोलणारे खोटं बोलतात, म्हणून मी जनावरांची डॉक्टर झाले.

हात ठणठणीत आहे म्हणतेस आणि पत्र अजून डाव्या हाताचं. ट्रे छातीशी धरून नेतेस. आपल्या बेकरीत ट्रे असा कोण नेतं? हात सरळ करून कडेला धरतात. तुझं कोपर सरळ होत नाही. तू ती बाही घालत नाहीस, बेकरीत उकडतं म्हणून काढून ठेवतेस, आणि ताणायचं म्हटलं की दुखतं म्हणून उद्यावर ढकलतेस. यातलं एक जरी चूक निघालं, तरी माझी पदवी तुझ्या भट्टीत घाल.

ओरडत नाही. अजून वेळ गेलेली नाही. नवी कातडी वर्षभर तरी मऊ करता येते. आजपासून पुन्हा सुरुवात कर आणि हॉस्पिटलात व्यायाम शिकवणारी बाई असते, तिच्याकडे जा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, नीट वाच. लावलेली कातडी झाकण म्हणून उत्तम, पण तिला घाम येत नाही, केस येत नाहीत, आणि नसा तिच्यात हळूहळू, अर्ध्यामुर्ध्या शिरतात. तिला ऊन-गार धड कळत नाही. त्या हाताने भट्टी जोखू नकोस. भट्टी चावेल आणि तुला पत्ता लागणार नाही.

तुझ्या अण्णांचा राग मलाही आलाय. मला तर त्या भट्टीजवळ कुणी उभंच केलं नव्हतं. मुलगी म्हणून पीठ चाळायला बसवलं, आणि मी चाळणी ठेवून निघून आले. तुला अण्णांनी शिकवलं हे त्यांचं मोठेपण. ते आता असे मागे का फिरताहेत ते मला कळत नाही.

आत्या


२३ एप्रिल

आत्या,

सगळं फसलं. तुझं उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं.

अण्णा सकाळी गिरणीत गेले, तेव्हा मी भट्टी पेटवली. रीतीप्रमाणे हात आत घातला. चावा नाही. लाकडं टाकली, पुन्हा हात घातला. नाही. मला वाटलं लाकूड ओलं आहे. आणखी टाकलं. शेवटी जरासं काहीतरी जाणवलं, तेव्हा ट्रे आत ढकलले. मागे वळून पाणी प्यायले असेन नसेन, तर धूर. वरून कोळसा, आत कच्ची कणीक. सगळे ट्रे तसेच. बाहेर रांग उभी होती, ती रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेली.

अण्णा आले आणि नुसते बघत राहिले. ओरडले असते तर मीही ओरडले असते. त्यांनी झाडू घेतला आणि भट्टीपुढची राख झाडायला लागले.

मी भट्टीला ओळखत नाही की भट्टी मला, ते कळत नाही. मी कामातून गेले का, आत्या? खरं सांग, गोड बोलू नकोस.

हाताला काही झालेलं नाही.

भिंगरी


२ मे

ताई,

पोरीने तुला हाताला काही झालं नाही असं लिहिलं असणार. मी बघितलं तेव्हा ती कोपऱ्यात उभी राहून फोडांना पीठ चोळत होती. मनगटाच्या वर मोठाले फोड होते आणि तिला ते दिसल्यावर कळले. दुखून नाही, दिसून.

ताई, मी चिडलो म्हणून भट्टी पाडत नाही. ती हॉस्पिटलात होती तेव्हा रोज पट्ट्या बदलताना मी दाराबाहेर उभा असायचो. आतून तिचा आवाज यायचा नाही, दात आवळून पडलेली असायची. मला ती शांतता पुन्हा ऐकायची नाही. ज्या हाताला भाजलेलं कळत नाही, तो हात मी विस्तवापाशी जाऊ देणार नाही. पाव जळला तर दुसरा लावता येतो. ती माझी मुलगी आहे.

बाबांची भट्टी पाडताना मला आनंद होतोय असं समजू नकोस. वीस तारखेला गवंडी येतोय. ती तुझं ऐकते, तेवढं तिला समजाव.

तुझा भाऊ


९ मे

हे पत्र भिंगरीने मोठ्याने वाचायचं आणि बंधुराजांनी ऐकायचं. मध्येच उठून जायचं नाही, कणीक फुगली तर फुगू दे.

आधी भिंगरी. गोड बोलू नकोस म्हणालीस, ठीक आहे. तो हात पहिल्यासारखा होणार नाही. आईच्या पोटातल्या कोवळ्या जिवाला जखम झाली तर ती व्रण न ठेवता भरते. जन्माला आलो की आपण ते विसरतो. एक काटेरी केसांचा उंदीर असतो, तो पाठीची कातडी शत्रूच्या तोंडात सोडून पळून जातो आणि ती केसांसकट पुन्हा उगवते. तू तो उंदीर नाहीस. तुझं शरीर फाटलेल्या जागी ठिगळ लावतं, आणि ठिगळ मजबूत असलं तरी ते मूळ कापड नव्हे. तू कामातून गेली नाहीस, तुझा उजवा हात भट्टी जोखायच्या कामातून गेला. एवढंच झालंय, आणि एवढं झालंय हे कबूल कर. फोडांवर पीठ चोळणाऱ्या बाईला मी माझ्या दवाखान्यात गोठासुद्धा झाडू देणार नाही. डॉक्टरांकडे जा. खोटं पुरे.

आता बंधुराज. तुझी काळजी मला कळली आणि ती वाचून माझे डोळे भरले. तरीही तू चुकतोयस. उजवी बाही वर कर. कर म्हणते ना! भिंगरे, बघ आणि सांग: मनगटापासून कोपरापर्यंत एक तरी केस आहे का? नसणार. आता त्याचा डावा हात बघ, अस्वल आहे. उजवा हात इतकी वर्षं रोज भाजून निघालाय. थोडं थोडं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कातडी जाड झाली, चकाकायला लागली आणि बधिर झाली. बैलाच्या खांद्यावर जू घासून घासून असंच होतं.

मागच्या खेपेला मी आले तेव्हा तुझे पाव बाबांच्या पावांपेक्षा चांगलेच काळे होते. वहिनीला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले आणि कडा काढून खाल्ल्या. तुझी गिऱ्हाईकं सवयीने खातात. भट्टीने चावल्याचं तुलाही उशिराच कळतंय, बाळा. ज्या कारणासाठी पोरीला हाकलतोस, त्याच कारणासाठी तुलाही गल्ल्यावर बसवायला हवं.

पटत नसेल तर गवंडी यायच्या आत भट्टी पेटवा. तू तुझा उजवा हात घाल, तिला तिचा डावा घालू दे. मग काय ते ठरवा. मी तुमच्यात पडत नाही, असं म्हणण्याची पद्धत आहे, पण मी पडलेच आहे.

ताई आणि आत्या


३० जून

आत्या,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. अस्वलापाशी आई हसली, काळ्या पावांपाशी अण्णा उठले. मी म्हटलं, "उठायचं नाही, लिहिलंय." ते बसले, पण बाही काही वर केली नाही. मग आईच पुढे झाली आणि तिनेच ती वर सरकवली. एक केस नाही, आत्या! आईने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कळतंय का हो?" अण्णा म्हणाले, "न कळायला काय झालं?" त्यांचे डोळे बंद होते आणि आईने बोट केव्हाच उचललेलं होतं.

तरी ते ऐकायला तयार नव्हते. मग वीस तारीख उजाडली आणि गवंडी घण घेऊन दारात हजर. मी भट्टी आधीच पेटवून ठेवली होती. तापलेल्या भट्टीवर कोण घण घालणार? तो अण्णांकडे बघायला लागला, अण्णा माझ्याकडे. मी म्हटलं, "आधी जोखू, मग पाडू. मी हरले तर पहिला घाव माझा."

पंच म्हणून मैद्याची चिमूट ठेवली. भट्टीच्या लादीवर टाकायची. पांढरी राहिली तर कच्ची, तांबूस झाली तर पावाला बरोबर, काळी पडली तर जास्त. यावर तर अण्णांनाही वाद घालता येईना. मी डावा हात आत घातला. आत्या, डावा हात अगदी अडाणी आहे, पहिल्याच झळीला घाबरून बाहेर आला. पुन्हा घातला, दात आवळून ठेवला, आणि तो असा चावला की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "तयार." मैदा टाकला. तांबूस झाला. अण्णांनी त्यांचा हात घातला. ठेवला. ठेवून उभे राहिले. गवंडी म्हणाला, "अहो मालक, काढा हात!" अण्णा म्हणाले, "अजून कच्ची आहे." त्यांनी लाकूड घातलं, पुन्हा हात घातला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "आता." मी मैदा टाकला. पडता पडता काळा झाला.

मला वाटलं होतं जिंकले की नाचेन. आत्या, त्यांनी बाही खाली केली आणि बटण लावायला लागले, आणि ते बटण काही लागेना. मला इतकं वाईट वाटलं, की मीच पुढे होऊन लावलं. माझं वाकडं कोपर आणि त्यांची बोटं, आम्हा दोघांनाही ते जमेना. शेवटी आईने लावलं.

गवंड्याला मी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. भट्टीचं लोखंडी दार काढून बाजूला सरकणारं बसवून घेतलं. अण्णा म्हणाले, "बाबांच्या वेळचं दार होतं." मी म्हटलं, "माझ्या हातावर त्याची खूण आहे, तेवढी आठवण पुरे."

बाही घालते. खरंच घालते. व्यायामवाली बाई इतकं ताणते की मी तिला दर वेळी शिव्या देते, आणि ती म्हणते, द्या, पण हात सोडू नका. कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही. होईल. नाही झालं तर ट्रेला लांब दांडा लावीन, पण मागे हटणार नाही. थर्मामीटरही मिठाच्या बरणीमागून काढलाय. डावा हात चुकला तर तो सांगतो.

अण्णा महिनाभर भट्टीकडे पाठ करून पिठाच्या पोत्यांवर बसायचे. पाव चांगले निघाले तरी एक शब्द नाही, खायचे मात्र दोन जास्त. मीही विचारलं नाही. आज सकाळी ट्रे मांडून झाले, ते सवयीने उठले, भट्टीपाशी आले आणि बाही वर करता करता थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाली का गं?"

मी डावा हात घातला आणि म्हटलं, "नाही. थांबा."

आणि ते थांबले.

तुझी
भिंगरी